हसण्यास हरकत नाही

सिनेमाबद्दल मत द्यायचं तर सिनेमा पूर्ण पाहिलेला असावा, असं मानणारे काही लोक आहेत. सरावलीच्या सागरछाया सोसायटीत राहणारे बळवंतराव तामोरे त्यांच्यातले नव्हते. बोईसरच्या थिएटरात लागलेल्या प्रत्येक सिनेमावर त्यांचं मत असे आणि ते इतकं ठाम असे, की जिन्यात, पाण्याच्या टाकीपाशी किंवा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याला कोणी हरकत घेत नसे. मारधाडीच्या सिनेमांविषयी त्यांचं म्हणणं असं, की हल्ली त्यांत आवाज फार. खलनायकाला जरा बेतानं मारलं तरी तो मरेलच की. विनोदी सिनेमांविषयी असं, की विनोद चांगला असेल तर प्रेक्षकांनी सारखं खदाखदा हसायची गरज काय. आणि कार्टून सिनेमा हा त्यांच्या मते सगळ्यांत वरच्या दर्जाचा, कारण त्यात एखादं अंगाईगीत हमखास असतं.

चाणाक्ष वाचकाच्या एव्हाना लक्षात आलंच असेल. बळवंतराव सिनेमात झोपत.

ते स्वतः त्याला झोप म्हणत नसत. डोळे मिटले की संवाद जास्त चांगले कळतात, असं म्हणत. पण खरी गोष्ट अशी, की ते तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या कारखान्यात शिफ्ट इन-चार्ज होते. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी, एक आठवडा नाईट. नाईट करून माणूस सकाळी घरी येतो तो झोपायला. पण नेमकी तेव्हाच सोसायटी जागी होते. वरच्या मजल्यावर कोणीतरी भिंतीला ड्रिल लावतो, खाली भंगारवाला भोंग्यावरून जुने टीव्ही मागतो आणि शेजारच्या हेतलबेनचा मिक्सर चटणी वाटायला घेतो तो दुपारपर्यंत थांबत नाही. अशा वेळी तिकीट काढून एसीत बसायचं, अंधार, मऊ खुर्ची, दाराची बेल नाही. माणूस काय करील? नलूला, म्हणजे त्यांच्या बायकोला, हे सगळं ठाऊक होतं. पण नवऱ्याचं झाकायचं तर अर्धवट झाकून चालत नाही, म्हणून तीही चारचौघांत "ह्यांना विचारा, हे बारकाईने बघतात" असं सांगे. एकदा हिरोच्या बहिणीचं काम फार छान झालंय, पण पुढे दिग्दर्शक तिला विसरला, असं बळवंतरावांनी ग्रुपवर लिहिलं. ती बहीण मध्यंतराआधीच मारली जाते आणि उरलेला सिनेमा तिच्या सुडावरच चालतो, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. तरी दर्पणभाईंनी, म्हणजे हेतलबेनच्या यजमानांनी, "फार खोल मुद्दा आहे" असं उत्तर टाकलं. खात्रीने बोलणाऱ्या माणसाचं आपल्याकडे असंच होतं.

तर अशा या बळवंतरावांना मुरब्याहून सासूबाईंचा फोन आला.

लाडकीबाय ही मुरब्याच्या कोळीवाड्यातली जुनी म्हातारी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत गेले आणि गेली काही वर्षं ती मासळी हाताने चाचपून आणि गिऱ्हाईक आवाजावरून ओळखून विकत होती. शेवटी बळवंतरावांनीच मागे लागून पालघरला दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं करवून घेतली. रजा टाकल्या, रांगेत उभे राहिले, डोळ्यांत थेंब घालायच्या वेळा भिंतीवर लिहून चिकटवल्या. दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा लाडकीबाय कितीतरी वेळ स्वतःच्या हातांकडेच बघत बसली होती. आता काळा चष्मा लावून का होईना, पण तिला सगळं लख्ख दिसायला लागलं होतं, आणि तिची एक इच्छा होती.

"मना एक सिनेमा बघायचा हाय, थेटरात," ती फोनवर म्हणाली. "आजवर कवा बघितला नाय. तुमी सांगाल तो. तुमी समदे बघितलेले हाव."

हे शेवटचं वाक्य बळवंतरावांना लागलं. सोसायटीला थाप मारणं वेगळं; सोसायटी त्याच लायकीची होती. पण म्हातारीने नव्या डोळ्यांनी बघायचा पहिला सिनेमा, आणि तो निवडायचा कोणी, तर ज्याने आजवर एकही शेवटपर्यंत बघितला नाही त्याने. हा सिनेमा वाया जाऊ द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. शिवाय आपण तिच्या शेजारी बसायचं, टक्क जागं राहायचं, आणि तिला काही कळलं नाही तर समजावून सांगायचं.

बोईसरला त्या आठवड्यात तीन सिनेमे लागले होते: एक मारधाडीचा, एक कार्टूनचा आणि एक विनोदी. बळवंतरावांनी सहज म्हणून दर्पणभाईंकडे विषय काढला. हीच चूक झाली. संध्याकाळपर्यंत अख्खी सोसायटी लाडकीबायच्या डोळ्यांवर चर्चा करत होती. दर्पणभाईंचं मत मारधाडीला पडलं, कारण त्यात दहा गाड्या उडतात आणि पैसे वसूल होतात. हेतलबेनना कार्टूनच योग्य वाटलं, कारण रंग छान असतात आणि ते थ्रीडी आहे. मग थ्रीडीचा चष्मा ऑपरेशनच्या काळ्या चष्म्याच्या आत घालायचा की बाहेर, यावर जिन्यात वाद सुरू झाला. हेतलबेननी स्वतःच्या नाकावर दोन चष्मे चढवून प्रयोग केला आणि त्या तिसऱ्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर न थांबता पहिल्या पायरीवर आल्या. कार्टून तिथेच बाद झालं. मारधाडीचं लाडकीबायनेच फोनवर बाद केलं. मारामारी ती मासळी बाजारात रोज फुकट बघत होती.

राहिला विनोदी. तिथे धीरज आडवा आला.

धीरज हा कारखान्यातला सेफ्टी ऑफिसर. रासायनिक कारखान्यात परमिटशिवाय कोणी शिडीसुद्धा चढत नाही, आणि ही सवय धीरजच्या इतकी अंगात भिनली होती की तो घरी पंखा पुसतानाही बायकोकडून सही घेत असावा. त्याने कँटीनमध्ये विचारलं, की जोरात हसल्याने डोळ्यांवर दाब येतो का? येत असेल तर जबाबदारी कोणाची? बळवंतरावांचा घास हातातच राहिला. लेखी घ्या, धीरज म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बळवंतराव पालघरला डोळ्यांच्या दवाखान्यात. खिडकीतल्या बाईंनी पेशंटचं नाव विचारलं, तक्रार विचारली. बळवंतराव म्हणाले, तक्रार नाही, सिनेमा आहे. बाईंनी त्यांना मागच्या बाकावर बसवलं आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघितलंच नाही. पुढे त्यांचा नंबर लागला तोही चुकून. आत गेल्यावर त्यांनाच खुर्चीत बसवून भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. ती त्यांना खालच्या दोन ओळी सोडून सगळी आली. एवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी प्रकरण ऐकून घेतलं, चेहरा अजिबात हलू न देता कागद ओढला आणि त्यावर लिहिलं: "रुग्णास हसण्यास हरकत नाही. धूळ व गर्दी टाळावी." खाली सही, शिक्का. बळवंतरावांनी तो कागद येता येता लॅमिनेट करून घेतला.

गर्दी टाळायची म्हणून त्यांनी कामाच्या दिवसाचा सकाळचा खेळ निवडला. थिएटरवर चौकशीला गेले, तर खिडकीवरच्या माणसाने सांगितलं की सकाळच्या खेळाला माणसं आली नाहीत तर खेळ होतच नाही. पाचसात तिकिटांसाठी कोण मशीन चालू करतो? निदान पंधराएक माणसं आणा. म्हणजे डॉक्टरांचा कागद म्हणतो गर्दी टाळा आणि खिडकीवरचा माणूस म्हणतो गर्दी आणा. बळवंतरावांनी मधला मार्ग काढला. मुरब्याला मेव्हण्याला, जिव्याला, फोन केला आणि म्हणाले, आईसोबत घरातली चार माणसं जास्त घेऊन ये.

आता हे जिव्याला सांगायला नको होतं. पावसाळ्याची मासेमारी बंदी चालू होती, होड्या किनाऱ्यावर ताडपत्रीखाली झाकलेल्या, आणि सगळी आळी जाळी विणून विणून कंटाळलेली. त्यात घर कुठे संपतं आणि आळी कुठे सुरू होते, याचा हिशेब कोळीवाड्यात आजवर कोणी केलेला नाही.

बळवंतरावांची आदल्या दिवशी दुसरी पाळी होती. रात्री घरी येऊन झोपायचं आणि सकाळी ताजंतवानं थिएटरला जायचं, असा बेत होता. पण रात्री त्यांना सोडवायला येणारा रिलीव्हर आलाच नाही, आणि भट्टीवर तपमान धरून ठेवलेलं असताना इन-चार्ज निघून जाऊ शकत नाही. बळवंतरावांनी नलूला फोन करून कळवलं आणि रात्रीचीही पाळी करून डबल मारली. सकाळी सुटले ते डोळ्यांत वाळू घेऊन. गेटवर दोन ग्लास चहा प्यायले, तोंडावर पाणी मारलं आणि आज मिटायचे नाहीत, असं डोळ्यांना बजावून तडक थिएटर गाठलं.

थिएटरसमोर मासळीचा टेम्पो उभा होता. त्यातून बायका उतरत होत्या, मुलं उतरत होती, मग पुरुष उतरले, आणि टेम्पो रिकामा झाला असं वाटेपर्यंत आणखी दोन म्हातारे उतरले. सगळ्या बायका ठेवणीतल्या लुगड्यांत, केसांत अबोली. मधोमध काळा चष्मा लावून लाडकीबाय, आणि तिच्या बाजूला नलू, जी आदल्या दिवसापासून माहेरी होती. दारावरच्या गार्डने पिशव्या तपासायला घेतल्या. लेकीच्या घरी रिकाम्या हाताने कोण जातो? प्रत्येक बाईच्या पिशवीत सुके बोंबील होते, ते नंतर सरावलीला द्यायचे होते.

"बाहर का खाना अलाउड नहीं," गार्ड म्हणाला.

हे खाणं नाही, हे कच्चं आहे, असं जिव्याने त्याला समजावलं. मॅनेजर आले. त्यांनी वास घेतला आणि पिशव्या आपल्या केबिनमध्ये ठेवायचा हुकूम दिला. केबिनमध्ये एसीची वारा ओढणारी जाळी होती, हे त्यांना त्या क्षणी आठवलं नाही. पहिल्या दहा मिनिटांत थिएटरभर मुरब्याच्या किनाऱ्यासारखा वास सुटला. आळीला त्यात काही वेगळं जाणवलं नाही. म्हातारीचं ऑपरेशन झालंय हे कळावं म्हणून बळवंतरावांनी मॅनेजरसमोर लॅमिनेट केलेला कागद धरला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि हा पास इथे चालत नाही म्हणून परत दिला. इतक्या खटपटीने आणलेल्या शिक्क्याची ही किंमत झाली. बळवंतरावांनी कागद खिशात घातला.

आत लाडकीबाय कडेच्या खुर्चीत, शेजारी बळवंतराव, पलीकडे नलू. मागे सगळी आळी. आणखी मागे चारपाच परप्रांतीय कामगार, डबा मांडीवर ठेवून. दिवे मंद झाले. पडदा उजळला तशी लाडकीबायने चष्मा सारखा केला आणि "आवं, केवढा मोटा" एवढंच म्हणाली. बळवंतरावांनी पाठ ताठ केली. पडद्यावर एका लग्नाच्या मांडवात दोन नवरदेव एकाच घोड्यावर बसायला निघाले होते. हे बघून घेऊ, मग सासूबाईंना समजावून सांगू, असं बळवंतरावांच्या मनात आलं.

दिवे लागले तेव्हा सिनेमा संपला होता.

बळवंतराव दचकून उठले. अंगावर एक शाल होती, ती कोणाची ते कळेना. लाडकीबाय शांतपणे चष्मा पुसत होती. लोक उठून, आवाज न करता, पायांच्या चवड्यांवर बाहेर निघाले होते. एवढं बळवंतरावांना पक्कं आठवत होतं, की झोपेतही त्यांचा एक कान जागा असतो आणि त्या कानाला सबंध सिनेमाभर एकदाही हसणं ऐकू आलं नव्हतं. विनोदी सिनेमा, भरलेलं थिएटर आणि मसणवट्यासारखी शांतता. म्हातारीचा पहिला सिनेमा आणि तो आपल्या हातून असा बुडाला.

बाहेरच्या पायऱ्यांवर आळीने त्यांना घेरलं. जिव्याने विचारलं, "भावोजी, कसा वाटला?" खरं तर तिथे दोन शब्दांत सुटका करून घ्यायची. पण सवय वाईट. बळवंतरावांनी घसा साफ केला आणि म्हणाले की सिनेमा साफ पडलेला आहे. विनोदी सिनेमाची परीक्षा एकच, माणूस हसतो का. इथे मुरब्याची हसरी माणसं बसलेली असून एकाच्या तोंडातून आवाज फुटला नाही. मग ते लाडकीबायकडे वळले. "माफ करा, आई. माझीच निवड चुकली. तुमचा पहिला सिनेमा फुकट गेला."

जिव्याने खाली बघितलं. त्याच्या बायकोने पदर तोंडात कोंबला. कुठूनतरी बंद कुकरच्या शिट्टीसारखा एक बारीक आवाज निघाला आणि मग सगळी आळी एकदम फुटली. बायका एकमेकींच्या गळ्यात पडून हसायला लागल्या, म्हातारे पायऱ्यांवर बसले, एका पोराने तर जमिनीवर लोळण घेतली. अडीच तास कोंडलेलं हसू होतं ते. मॅनेजर धावत बाहेर आले. विनोदी सिनेमाला कोणीच हसत नाही, तेव्हा आवाजाचं मशीन बिघडलं की काय म्हणून ते मधे दोनदा वर जाऊन आले होते.

नलूने हसत हसत सगळं सांगितलं. घोड्यावरच्या प्रसंगाला आळी हसली तसे झोपलेले बळवंतराव दचकले. लाडकीबायने ते पाहिलं. ती उठून उभी राहिली, मागे वळली आणि तोंडावर बोट ठेवलं. बस. त्यानंतर हूं की चूं नाही. मुलांच्या तोंडावर आयांनी हात ठेवले. जिव्या तीनदा संडासात जाऊन हसून आला. मध्यंतरात सगळ्यांनी मक्याच्या लाह्या चघळून खाल्ल्या, कुरकुर होऊ नये म्हणून. मागच्या कामगारांना नलू सांगायला गेली, तर त्यांतल्या एकाने "नाईटवाले हैं क्या? सोने दो, सोने दो," असं म्हणून स्वतःच बाकीच्यांना गप्प केलं.

बळवंतरावांचे कान लाल झाले. इतक्या वर्षांचं समीक्षण सगळ्या आळीदेखत उघडं पडलं होतं. त्यांना वाटलं, आता हे टेम्पोत बसून मुरब्यापर्यंत आपल्यालाच हसत जाणार. पण लाडकीबाय हसत नव्हती. तिने त्यांच्या हाताला धरून त्यांना बाजूला नेलं.

"माजा घोव रातभर दर्याव असायचा," ती म्हणाली. "दिवसा घरी येऊन झोपायचा. तो झोपला का आळीत कोणी मसाला कुटत नव्हता, कोणी भांडत नव्हता. समद्या घरांत तीच रीत. रातचा कमावणारा माणूस झोपलाय, त्याला उठवायचा नाय. तुमी काल रातभर कंपनीत होतात, नलू बोलली मना. तुमच्या बिल्डिंगीत तुमच्यासाठी कोण गप ऱ्हातो?"

या झोपेची बळवंतरावांना इतकी वर्षं लाज वाटत आली होती. ती त्यांनी मतांखाली, मुद्द्यांखाली, दिग्दर्शकाच्या चुकांखाली दडवून ठेवली होती. आणि इथे एका म्हातारीने त्याच झोपेसाठी स्वतःचा पहिला सिनेमा मुकाट्याने बघितला होता, वर अंगावर शाल घातली होती. त्यांचे डोळे भरून आले. आपल्याला एवढं कोणी दिलेलं नाही, असं त्यांना मनापासून वाटलं, आणि त्यांनी तिथेच, थिएटरच्या पायऱ्यांवर, सासूबाईंना वाकून नमस्कार केला.

"पण सिनेमा?" त्यांनी विचारलं. "सिनेमा आवडला का तुम्हाला?"

"लय भारी हाय," लाडकीबाय म्हणाली. "नुस्ता हसायचा ऱ्हायलाय."

हे आळीने ऐकलं. जिव्या सरळ तिकिटाच्या खिडकीकडे गेला. दुपारच्या खेळाची तिकिटं निघाली, गार्डने या वेळी पिशव्यांकडे पाहिलंही नाही, आणि सगळे पुन्हा त्याच खुर्च्यांवर जाऊन बसले. अडीच तास का होईना, पण बळवंतरावांची झोप झाली होती, तीही अशी, की सरावलीत वर्षभरात मिळाली नसती. डोळे टक्क उघडे होते. घोड्यावरचा प्रसंग आला आणि थिएटर हादरलं. पुढे काय होतं ते आळीला पाठ असल्याने लोक विनोदाच्या आधीच हसायला लागले. बळवंतरावही हसले. नंतर मांडवाला आग लागते, भटजी पळतात, हे सगळं ते आयुष्यात पहिल्यांदा क्रमाने बघत होते. शेजारी लाडकीबाय टाळ्या वाजवत होती, मग नुसती मान डोलावत होती, मग तिचं डोकं हळूच बळवंतरावांच्या खांद्यावर आलं. पहाटेपासून उठलेली म्हातारी, दोन सिनेमे, टेम्पोचा प्रवास. तिला गाढ झोप लागली होती.

मागून हसण्याची मोठी लाट आली तशी ती झोपेत दचकली. बळवंतरावांनी खांदा न हलवता मान वळवली आणि तोंडावर बोट ठेवलं. आळीने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा लाडकीबायकडे. जिव्याने कपाळावर हात मारून घेतला आणि तोंडात रुमाल कोंबला. बायकांचे पदर वर गेले. थिएटर पुन्हा चिडीचूप झालं, आणि दाराशी डोकावलेल्या मॅनेजरनी तिसऱ्यांदा आवाजाच्या मशीनकडे धाव घेतली. पडद्यावर दोन्ही नवरदेव आता विहिरीत पडले होते. बळवंतरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पोट दुखत होतं, आणि ते ओठ घट्ट मिटून, उजवा खांदा जराही हलू न देता, हसत होते.